आवडाबाईचं वारं

तांब्याभर पाणी मी आवडाबाईच्या तोंडावर मारलं, त्याला तीन वर्षं होऊन गेली. त्या तांब्याची गोष्ट मी पुढं दोन वर्षं सभांमधून सांगत फिरले. अंधश्रद्धा कशी घालवायची, तर अशी, असं म्हणून टाळ्या घेतल्या. आज तीच गोष्ट लिहायला बसलेय, पण टाळ्यांसाठी नाही.

पुंडलिकनगरात आमच्या महिला मंडळाची पत्र्याची एक खोली आहे. दुपारच्या वेळी बायका तिथं गोधड्या शिवतात. आवडाबाई त्यातली वयानं मोठी, बासष्टीची. अंगानं काटकुळी, बोलायला कमी. नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली. एकुलता मुलगा सुदर्शन वाळूजला एका कारखान्यात फिटर आहे, त्याच्याकडं ती राहते. रस्ता ओलांडायचा म्हटला तरी सून सुरेखाचा हात धरणारी ही बाई. कुणी माहेर विचारलं तर म्हणायची, "पाण्यात हाय." ते खरंच होतं. पैठणचं धरण भरलं तेव्हा तिचं गाव बुडालं. ती बारा वर्षांची होती.

त्या गावाच्या नदीकाठावर साती आसरा होत्या. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. शेंदूर फासलेले सात दगड आणि शेजारी भावाचा एक बारका दगड, एवढंच त्यांचं ठाणं. देऊळ नाही, पुजारी नाही. छप्पर घातलेलं त्यांना चालत नाही म्हणतात. सातांपैकी एकीलाही नवरा नाही. धरणाच्या वेळी गावानं मारुती उचलला आणि डोक्यावर घेऊन नव्या गावठाणात नेला. आसरांना कुणी हात लावला नाही. पाण्यातल्या बायांना पाण्याचं काय भ्या, असं म्हणून त्या तिथंच राहू दिल्या.

त्यातली थोरली बहीण आवडाबाईच्या अंगात यायची. त्याला त्या बाजूला वारं म्हणतात. वारं आलं की ती अंबाडा सोडायची, मान खाली घालून घुमायची, आणि पोटाच्या तळातून एक आवाज निघायचा. तो आवाज रोजच्या आवडाबाईचा नव्हता. चार गल्ल्यांतल्या बायका तिच्याकडं यायच्या. ती भविष्य सांगत नव्हती, गंडे-दोरेही देत नव्हती. कुणाच्या घरात काय चाललंय ते सरळ तोंडावर सांगायची, बस.

आमच्या मंडळात संक्रांतीचं हळदीकुंकू असतं. विधवांनाही बोलवायचं, हा माझा हट्ट. म्हणून त्या वर्षी आवडाबाई आली, आणि वाण घेता घेताच तिला वारं भरलं. बायका भराभर पाया पडायला लागल्या. दारात बन्सी उभा होता. प्यायला की बायकोला मारायचा, आणि त्या दिवशी तिला न्यायलाच आला होता. आवडाबाईनं मान वर न करता विचारलं, "बन्सी, परवा हिचा हात कुणी पिरगाळला?"

बन्सीनं तिथल्या तिथं कान पकडले. चपला काढून उंबऱ्यावर नाक घासलं.

मला मात्र कान पकडलेला बन्सी दिसला नाही. मला दिसल्या त्या पाया पडणाऱ्या बायका. ज्यांना मी चार वर्षं कायदा शिकवत होते त्या! माझं डोकं सटकलं. "बंद करा हे नाटक!" म्हणत मी समोरचा तांब्या उचलला आणि रिकामा केला.

आवडाबाईनं डोळे उघडले. पदरानं तोंड पुसलं.

"पाणी कुणी मारलं?"

"मी. संध्यानं."

"बरं केलंस," ती म्हणाली. अंबाडा बांधला आणि निघून गेली.

त्यानंतर वारं आलं नाही. आवडाबाई पूर्वीसारखी खोलीवर यायची, टाके घालायची, जायची. आठ दिवसांत बन्सीनं पुन्हा हात उचलला. मी त्याची तक्रार घेऊन पोलीस चौकीत गेले, तिथं भांडलेही. पण त्या दोन गोष्टी एकमेकींना जोडून बघाव्यात, हे माझ्या टाळक्यात आलं नाही.

गेल्या मे महिन्यात एका सोमवारी सुरेखाची सुई सारखी धाग्यातून निसटत होती. तिसऱ्यांदा निसटली तेव्हा तिनं गोधडी खाली ठेवली आणि म्हणाली, "पुढच्या सोमवारी माझी पिशवी काढायचीय."

कुणी दचकलं नाही. "मोकळी होशील," एक म्हणाली. "माझी तर अठ्ठाविसाव्या वर्षीच काढली, झंझट गेली," दुसरी म्हणाली. जणू बाजारातून आणलेली कापडी पिशवी, फाटली, टाकून दिली. खोलीत त्या दिवशी अकरा जणी होतो. त्यातल्या पाच जणींना गर्भाशय नव्हतं. आवडाबाई कोपऱ्यात होती. तिचा हात तेवढा थांबला.

शमशाद आपा घाटीतून, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यातून, निवृत्त झालेली नर्स. दर सोमवारी बायकांचं ब्लडप्रेशर बघायला येते. तिनं चष्मा कपाळावर चढवला. "काय गं, काय होतंय तुला?"

"अंगावरून पांढरं जातंय, कंबर दुखती. डॉक्टरनं मशीन लावली. पाच मिनटांत म्हणाले, पिशवी खराब झाली, ठेवली तर कॅन्सर होईल."

"आतून तपासलं?"

"नाय."

"कॅन्सर की टेस्ट?"

"नाय."

"बिना जाँच के मैं भी कुछ नई बोलती," आपा म्हणाली. "कभी कभी निकालनीच पडती. पण आधी बघायला तर पाहिजे ना बाई? घाटीत चल, मी येते संगं."

सुरेखा चौतीस वर्षांची आहे. दोन लेकरं आहेत, सुट्टीला मामाकडं गेलेली. ती खाली बघत बोलली, "आपा, मला आतून नको वाटतंय. सांगता येत नाय का ते. मी डॉक्टरला म्हणलं, तर ते हसले. म्हणाले, आतून काय वाटतं ते मशीन सांगंल."

मी त्याच संध्याकाळी सुदर्शनच्या दारात. मला जायचं होतं बोलायला, पण मी गेले ती भांडायलाच. बायको म्हणजे काय तुझ्या कारखान्यातलं मशीन आहे का, एक पार्ट काढला, टाकला? गल्ली गोळा होईल इतका आवाज चढवला. दवाखान्यावर मोर्चा आणीन म्हणाले.

सुदर्शन वाईट माणूस नाही, हे इथंच लिहून टाकते. त्याची आत्या कॅन्सरनं गेली. तिचे शेवटचे दोन महिने त्यानं जवळून बघितलेत. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, रागानं कमी, भीतीनं जास्त.

"ताई," तो म्हणाला, "आमच्या घरात एकच शब्द चालायचा, थोरल्या आसरेचा. माझा बाप कुणाच्या बापाला ऐकत नव्हता, पण तिच्यापुढं हात जोडायचा. ती तुम्ही तांब्याभर पाण्यात बुडवली. आता मी डॉक्टरचं ऐकतो. तर ते पण नको म्हणता. मग ऐकायचं कुणाचं? तुमचं?"

मी तशीच पाय आपटत घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं की सुदर्शननं दवाखान्यात फोन करून ऑपरेशन अलीकडं घेतलं. पुढचा सोमवार नाही, याच आठवड्यातला गुरुवार. का, तर ही बाई मोर्चा आणायच्या आत उरकून टाकू. माझ्या तोंडानं सुरेखाचे चार दिवस खाल्ले.

त्याच मंगळवारी दुपारी आवडाबाई खोलीवर आली. एकटी आली, सुनेचा हात न धरता. मी एकटीच होते. ती बसली नाही.

"संध्ये, माझं वारं मला परत दे."

"म्हणजे?"

"तू पाणी मारलं आन् ते गेलं. कुठं घातलंस, सांग. सुदर्शन मला ऐकत नाय. थोरलीला ऐकंल. गुरुवारच्या आत मला ती पायजे."

मी आयुष्यभर लोकांना सांगत आले की देव अंगात येत नाही, मन येतं. आणि आता एक म्हातारी चोरीला गेलेल्या वस्तूसारखं वारं माझ्याकडं मागत होती. मग माझ्यातली चौकातली, काम साधून घेणारी बाई जागी झाली. मी दार लोटलं आणि हळूच म्हणाले, "आवडाबाई, मग करा ना. केस सोडा, घुमा, आवाज काढा. त्याला काय कळणार? पोरगी वाचली म्हणजे झालं."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी मागं सरकले.

"मी नाटक करत नव्हते," ती म्हणाली. "तू तवा नाटक म्हणलीस, मी गप बसले. आज पुन्यांदा म्हणलीस. तिसऱ्यांदा म्हणू नको."

मग म्हणाली, "उद्या मला पैठणला ने. पाणी उतरलंय म्हणत्यात. तिच्याच दारात जाऊन विचारते."

बुधवारी सकाळी आम्ही तिघी एसटीनं निघालो. आवडाबाई, सुरेखा आणि मी. सुदर्शनला सुरेखानं सांगितलं की ऑपरेशनच्या आधी आसरांना दहीभात ठेवायचाय. त्यावर तो नाही म्हणाला नाही. उलट नारळाला पैसे दिले. पैठणच्या स्टँडवर हिरव्या बांगड्या घेतल्या, आणि वडापच्या जीपनं धरणाच्या मागच्या बाजूला गेलो.

पाणी लांबपर्यंत सरलं होतं. मैलभर भेगाळलेला गाळ, पाण्याच्या मोटारींचे आडवे पडलेले पाइप, मधूनच घराच्या जोत्याचे दगड. मला तर सगळीकडं सारखंच दिसत होतं. पण जीपमधून उतरल्यापासून आवडाबाई पुढं आणि आम्ही मागं. तिनं चपला काढून हातात घेतल्या होत्या. पन्नास वर्षांपूर्वी बुडालेल्या गावात ती आपल्या गल्लीतून चालल्यासारखी चालत होती.

"हितं चिंच व्हती. ही वरली आळी. ही नानासाहेब पाटलाची वसरी, हितं पाय टाकला की कुत्रं अंगावर यायचं."

"आत्या, हळू," सुरेखा ओरडली. सासूला ती आत्या म्हणते. आत्या थांबली नाही.

पाण्याच्या कडेला सहा दगड उघडे पडले होते. शेंदूर धुऊन गेलेला, नुसते काळे दगड. शेजारी भाऊ, नारळाएवढा. थोरली दिसत नव्हती. आवडाबाईनं पातळाचा काष्टा मारला आणि गाळात गुडघ्यापर्यंत उतरली. पाय फिरवून चाचपलं, एका जागी वाकली, आणि दोन्ही हातांनी उकरायला लागली. मीही उतरले. सुरेखाही. तिघींचे हात कोपरापर्यंत काळे झाले, आणि मग बोटांना दगड लागला. गार होता.

तिनं सातींना हळद लावली, पानावर दहीभात ठेवला, एकेकीपुढं हिरवी बांगडी. मला राहवलं नाही. मी विचारलं, "विधवेनं बांगडी वाहिलेली चालते?"

"हितं कुणाला नवरा हाय?" आवडाबाई म्हणाली.

मग तिनं अंबाडा सोडला, थोरलीसमोर मांडी घातली आणि डोळे मिटले.

आम्ही वाट बघत बसलो. ऊन डोक्यावर आलं. लांब एक बगळा एका पायावर उभा होता, तो उडून गेला. आवडाबाईच्या कपाळावरून घाम ओघळून हनुवटीवर येत होता आणि ती पुसत नव्हती. मी, जिनं तो तांब्या मारला ती मी, मनात म्हणत होते, ये ना गं बाई, एकदाच ये.

काही झालं नाही. तासाभरानं आवडाबाईनं डोळे उघडले. डोळे तिचेच होते.

"नाय येत," ती म्हणाली.

सुरेखा रडायला लागली. आवाज न करता, नुसते खांदे हलत होते. आवडाबाईनं तिच्याकडं बघितलं, मग पाण्याकडं, आणि पाण्याकडं बघतच बोलायला लागली.

"मी सत्तावीस वर्षांची व्हते. सुदर्शन पाच वर्षांचा. अंगावरून लई जायचं. कापूस वेचायच्या दिवसांत मी महिन्याला चार दिवस बसून ऱ्हायची, सासूला ते खपत नव्हतं. तालुक्याला नेलं. मला म्हणले इंजेक्शन द्यायचंय. टेबलावर झोपवलं तवा मला कळलं. आतून कुणीतरी सांगत व्हतं, ऊठ, पळ. आवडे, ऊठ. मी उठले नाय. नवरा बाहेर बिडी वढत बसलेला. त्येला काय वाटंल म्हणून मी पडून ऱ्हायले." तिनं हात पाण्यात घालून गाळ झटकला. "मला लेक पायजे व्हती. कुणाला बोलले नव्हते. ते त्या दिवशी राहूनच गेलं."

"आणि वारं?" मी विचारलं.

"तीन महिन्यांनी. पयल्यांदा आलं तवा मी नवऱ्याला म्हणलं, तू बिडी वढत बसला व्हतास. थोरलीच्या आवाजात म्हणलं. तो थरथर कापला. माझ्या आवाजात म्हणले असते तर थोबाड फोडलं असतं."

वारं कुठून यायचं ते तिनं मला एवढ्या सरळपणानं सांगितलं, आणि मी पुस्तकांतून काय काय गोळा केलं होतं! मंडळात मी बायकांना सांगायचे की तुमच्यातली शक्ती ओळखा. त्यांनी ती कधीच ओळखली होती. तिला बसायला दुसरी जागा नव्हती म्हणून ती त्यांनी दगडात ठेवली होती, आणि लागेल तेव्हा तिथून आणत होत्या. मी तो रस्ताच बंद केला. दुसरा दाखवला नाही.

आवडाबाई उठली आणि पाण्यात शिरली. गुडघे, कंबर, छाती.

"आत्या!" सुरेखा किंचाळली.

ती बुडाली आणि दहा हातांवर वर आली. केस तोंडावर, तोंडात पाण्याची चूळ. दोन हात मारून परत आली. बारा वर्षांची होईपर्यंत ती ह्याच नदीत पोहायची, हे तिच्या सुनेलाही माहीत नव्हतं.

"चल गं," काठावर येऊन ती सुरेखाला म्हणाली. "थोरली काय येत नाय. मलाच बोलावं लागंल."

संध्याकाळी पुंडलिकनगरला पोचलो तेव्हा सुदर्शननं दवाखान्याची पिशवी भरून ठेवली होती. फाइल, चादर, थर्मास. उद्या सकाळी आठला पोचायचं होतं. तो दारात आला, आणि आईला बघून थबकला. तिचे केस मोकळे होते, पातळाला गाळ, कपाळावर हळद. त्यानं पायातल्या चपला काढल्या. हात जोडले.

"आई... कोण आलंय?"

मी तिच्या मागं उभी होते. एक शब्द पुरे होता. थोरली म्हणाली असती तर तो पायावर पडला असता आणि फाइल चुलीत गेली असती. खरं सांगते, म्हणून टाक बाई, असं माझ्या जिभेवर आलं होतं.

"आवडा," ती म्हणाली. "तुझी आई हाय. दुसरं कुणी नाय."

त्याचे जोडलेले हात हळूहळू खाली आले. चेहऱ्यावर आधी निराशा दिसली, मग राग. "मग काय म्हणणं तुझं?"

"उद्या सुरेखा तिथं जाणार नाय. आधी घाटीत तपासायचं. शमशाद संगं हाय."

"तू डॉक्टर हायेस?"

"नाय. म्हणून तर डॉक्टरकडंच ने म्हणते. पाच मिनटांत बघितलं त्याच्याकडं नको, नीट बघंल त्याच्याकडं."

"आन् तिला कॅन्सर झाला मंजी? तुला आठवत नाय आत्या कशी गेली?"

"आठवती. मीच तिचं सगळं काढत व्हते." ती उंबऱ्यावर बसली, दार अडवून. "तू पाच वर्षांचा व्हतास तवा माझी पिशवी काढली. मला न विचारता. तुझा बाप बाहेर बसला व्हता. तू आज त्याच्या जागी बसणार हायेस, एवढंच मला दिसतंय. बस. पण तिला विचारून बस."

हे सगळं ती तिच्याच बारीक, थकलेल्या आवाजात बोलली. एकदा तर आवाज चिरकला. चाळीस वर्षांच्या सुदर्शनला पहिल्यांदा कळलं होतं की त्याला बहीणभाऊ का नाहीत. मग तो बायकोकडं वळला.

"तू काय म्हणतीस?"

मी तोंड उघडलं. आवडाबाईनं मागं न बघता हात वर केला, आणि मी मिटलं.

"मी उद्या नाय जाणार," सुरेखा म्हणाली. "तपासून घेते. तपासणीत निघालं, तर मी सोता सांगंन काढा म्हणून."

गुरुवारी ती शमशाद आपाबरोबर घाटीत गेली. सुदर्शन सुट्टी टाकून बरोबर गेला, बाकड्यावर बसून राहिला. आतून तपासलं, नमुना घेतला. जंतुसंसर्ग निघाला, दोघांनाही गोळ्या दिल्या. पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला, तो चांगला होता. वाईट आला असता तरी ही गोष्ट मी लिहिलीच असती, फक्त लिहायला जड गेली असती. त्या बुधवारी कुणालाच माहीत नव्हतं काय येईल ते. आवडाबाईलाही नाही.

वारं पुन्हा आलं नाही. आता सोमवारी बायका तिच्याभोवती बसतात. ती टाका घालता घालता बोलते. कधी कुणी ऐकतं, कधी उठून जातं. पूर्वी सगळे ऐकायचे, हे तिला ठाऊक आहे, मलाही. बन्सीला तिनं गल्लीत अडवून झापलं तेव्हा तो म्हणाला, "म्हातारे, गप घरी जा." ती गेली नाही. त्याच्या बायकोला माझ्याकडं घेऊन आली. चौकीत आम्ही तिघी गेलो. वाटेत रस्ता ओलांडताना तिनं माझा हात धरला.

तांब्याची गोष्ट मी आता सभेत सांगत नाही. यंदाच्या संक्रांतीला तोच तांब्या भरून मी मुद्दाम आवडाबाईच्या पुढ्यात ठेवला. काय म्हणायचं ते मला तोंडानं जमलं नव्हतं. तिनं तांब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"हे काय, आज पण मारतीस का?"

"नाही," मी म्हणाले.

"मग दे हिकडं," ती म्हणाली, आणि तांब्या तोंडाला लावून घटाघटा प्यायली.